विसरलेले हातमोजे

पाहुणा निघताना छत्री विसरतो, तेव्हा ती खरोखर विसरलेली असते की मुद्दाम ठेवलेली, हे ओळखायला मी लहानपणी आत्याच्या घरी शिकलो. तिच्याकडे एक निवृत्त मास्तर यायचे. चहा व्हायचा, गावातल्या नळाच्या पाण्यावर बोलणं व्हायचं, आणि फाटकापर्यंत गेलेले मास्तर हमखास मागे वळायचे, ‘छत्री राहिली.’ श्रावणात ठीक होतं, पण माघातही राहायची. आत्या मुकाट्याने खुंटीवरून ती काढून द्यायची. त्या देण्याघेण्याला अर्धं मिनिट लागे, पण दोघांच्या चेहऱ्यांवर ते आठवडाभर पुरे. तरुणपणी याच मास्तरांना आजोबांनी ‘पगार किती?’ एवढ्या एका प्रश्नात वाटेला लावलं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

म्हणूनच जेन ऑस्टिनच्या ‘पर्सुएशन’मधला कॅप्टन वेंटवर्थ ‘हातमोजे विसरलो’ म्हणत खोलीत परत येतो, तेव्हा मला तो आमच्या गल्लीतलाच वाटला. ॲन एलियटशी त्याचं जमलं होतं. पण तो पैशाने कोरडा, आणि लेडी रसेल या आईच्या मैत्रिणीने ॲनचं मन वळवलं. अशी बाई प्रत्येक घराला असते. तिच्या मनात काडीचं पाप नसतं, त्यामुळे तिच्याशी भांडताही येत नाही. पुढे तो श्रीमंत होऊन परततो, ॲन सत्तावीस वर्षांची झालेली असते, आणि ‘ओळखू येऊ नये इतकी बदलली’ हा त्याचा शेरा तिची सख्खी बहीणच तिला आणून पोचवते. शेवटी तिला लिहिलेल्या पत्रात तो साडेआठ वर्षांचा हिशेब मांडतो. आपल्याकडे शनी साडेसात वर्षांत सोडतो. इंग्लंडच्या दमट हवेत तो वर्षभर जास्त रेंगाळला असावा.

मधे सगळे लाइम रीजिस या समुद्रकाठच्या चिमुकल्या गावी जातात. तिथल्या कॉब नावाच्या दगडी धक्क्याच्या पायऱ्यांवरून जिच्याशी वेंटवर्थ लग्न करणार असं सगळ्यांना वाटत असतं ती लुइझा हौसेने उडी मारते, निमिषभर आधीच मारते, आणि बेशुद्ध पडते. शुद्धीवर आल्यावर ती वेंटवर्थला सोडून कविता वाचणाऱ्या एका उदास कॅप्टनशी लग्न ठरवते. डोक्याला मार लागल्यावर माणूस कवितेकडे वळतो, हे निदान मला तरी पटतं. (पुढे खुद्द कवी टेनिसनला लाइममध्ये आधी ती पडली ते ठिकाण बघायचं होतं.) याच गावात एक अनोळखी गृहस्थ ॲनकडे वळून बघतो. त्याच्या गोड बोलण्यामागे काय, हे रहस्य उलगडतं ते बाथ शहरात, एका आजारी मैत्रिणीच्या खोलीत. आणि तिला गावभरची बातमी पुरवते बाळंतिणीकडे कामाला जाणारी एक नर्स. सुईणीला ठाऊक नाही असं रहस्य कुठल्या गावात टिकलंय?

पण मला मोह पडतो तो हातमोज्यांचा, कारण पहिल्या खर्ड्यात ते नव्हतेच. तिथे एक ॲडमिरल वेंटवर्थला निरोप्या म्हणून ॲनकडे पाठवतो, गैरसमज फिटतो, संपलं. जेनला ते मिळमिळीत वाटलं. ती खट्टू होऊन झोपली, असं तिच्या भाच्याने लिहून ठेवलंय. मग तिने शेवट बदलला. आता भरल्या खोलीत ॲन दुसऱ्याच कुणाशी बोलत असते, वेंटवर्थ दुसऱ्याच्याच कामाचं पत्र लिहीत बसलेला असतो, तिचे शब्द कानी पडून त्याची लेखणी गळते, आणि तो गुपचूप तिला पत्र लिहितो. ते तिच्यापुढे ठेवण्याचं धैर्य मात्र हातमोज्यांकडून उसनं घ्यावं लागतं. नौदलात लढाया जिंकलेला माणूस!

गंमत अशी की तिच्या छापलेल्या कादंबऱ्यांच्या हस्तलिखितांतून आज उरलीत ती हीच, तिने नापसंत केलेली दोन प्रकरणं. ब्रिटिश लायब्ररीत ती जपून ठेवलीत. शेवटी तारीख आहे १८ जुलै १८१६. बरोबर एका वर्षाने, १८ जुलै १८१७ला, ४१ वर्षांची जेन गेली. पुस्तक त्या डिसेंबरात आलं. हातमोज्यांचं पान तिने ज्या कागदावर लिहिलं, तो कागद कुठेच नाही.

मास्तरांची छत्री एका फाल्गुनात खुंटीवरच राहिली. आता ती माझ्याकडे आहे. दोन काड्या मोडल्यात, पण उघडते.