इतर हक्क

माझ्या भाच्याने आयुष्यात गोल्फची काठी हातात धरलेली नाही, पण घर घेताना गोल्फचे पैसे मात्र त्याने मोजले. अमेरिकेत ॲरिझोनामध्ये, फिनिक्सच्या एका उपनगरात तो राहतो. मागचं दार उघडलं की हिरवळ, एक तळं आणि टोप्या घातलेली निवांत म्हातारी माणसं. एवढं दिसतं म्हणून ती रांग पलीकडच्या रांगेपेक्षा महाग. इतकी वर्षं फोनवर तो त्या मैदानाची गाऱ्हाणीच सांगत आला. आज चेंडूने खिडकीची काच फुटली, आज पहाटेच गवत कापायचं यंत्र सुरू झालं, आज कुणी अनोळखी गृहस्थ चेंडू शोधत तुळशीपाशी आला. आणि परवा एकदम रडवेला होऊन म्हणाला, "मावशी, मैदान बंद झालं गं. बिल्डरने घेतलं. आता खिडकी उघडली की लोकांच्या न्हाणीघरांच्या भिंती."

मी म्हटलं, "आमचाही सडा गेला रे."

"कुठला सडा?"

मे महिन्याच्या सुट्टीत ज्या सड्यावर त्याने दोन्ही गुडघे फोडून घेतले होते, तो सडा. पण अमेरिकेच्या फोनवर रागवायचं नाही अशी आमच्या घरची रीत आहे.

लांज्यात महामार्ग सोडून कुठल्याही वाडीकडे वळा. चढ संपतो, झाडं मागे पडतात आणि समोर जांभ्या दगडाचं मोकळंढाकळं कातळ पसरलेलं दिसतं. तो सडा. वैशाखात त्यावर अनवाणी उभं राहून दाखवावं आणि बक्षीस घ्यावं. मृग लागला की त्याच दगडाच्या भेगांतून दीपकाडीची पांढरी फुलं वर येतात. ही फुलं दक्षिण कोकणाबाहेर फारशी दिसत नाहीत, पण आम्ही कधी त्याचा गवगवा केला नाही. गणपतीच्या सुमाराला गेंदाची पांढरी बोंडं, सीतेच्या आसवांची जांभळी पखरण आणि अंगावर चिकट थेंब मिरवत किडे खाणारं दवबिंदू. रत्नागिरी, राजापूर आणि आमच्या लांजा तालुक्यातल्या काही सड्यांवर कातळशिल्पं आहेत. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे, सुरेंद्र ठाकूरदेसाई ही मंडळी वर्षानुवर्षं उन्हातान्हात हिंडली, तेव्हा ती जगाला कळली, आणि २०२२ मध्ये त्यांतली काही ठिकाणं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. आमच्या सड्यावर हत्ती नाही की मासा नाही. कुणी कोरलंच नाही काही. त्यामुळे कुंपण नाही, पाटी नाही. होतो ते आम्हीच.

आणि काय काय करत होतो! सकाळी वाड्यांतली गुरं जायची. दुपारी आम्ही बायका आमसुलं, मिरच्या, काजूबिया वाळत घालायचो. कातळाइतकी कडक गच्ची कुठल्या इंजिनिअरने बांधली आहे? संध्याकाळी पोरांचं क्रिकेट. आमच्या कौलांवर चेंडू गेला तर बॅट्समन बाद, शिवाय कौल फुटलं तर त्याच्या बापाने बदलून द्यायचं, असा नियम होता. त्यामुळे आमच्या दिशेचे फटके पोरं बेताने मारायची. करवंदीच्या जाळीत चेंडू गेला की तो काढायला सगळ्यांत लहान पोर. आणि दिवेलागणीला शेजारचे तात्या घरासमोरच्या धोंड्यावर बसून सूर्य बुडेपर्यंत पश्चिमेकडे बघायचे. कधी काही बोलायचे नाहीत. रोज हजेरी लावून उठायचे, एवढंच.

सरकारदरबारी मात्र हे सगळं पोटखराबा. नांगर चालत नाही, पीक येत नाही, म्हणून सातबाऱ्यावर लागवडीला नालायक. गंमत अशी की गोल्फ जन्माला आला तोही असल्याच पोटखराब्यात. स्कॉटलंडमधलं सेंट अँड्र्यूज हे त्या खेळाचं पंढरपूर. समुद्राकाठची वाळूची, खुरट्या गवताची, शेतीला कुचकामी जमीन. गावाची गुरं, गावाची धुणी आणि त्यातूनच काठीने चेंडू ढकलत जाणारे लोक. १७९७ मध्ये त्या गावच्या नगरपालिकेचं दिवाळं निघालं, जमीन हातची गेली आणि नवीन मालकांनी तिथे ससे पाळले. सशांनी बिळं करून मैदानाची चाळण केली. खेळणारे विरुद्ध ससेवाले असा तंटा पुढे वीसेक वर्षं चालला. अखेर १८२१ मध्ये जेम्स चीप नावाच्या, शेजारीच जमीनजुमला असलेल्या गोल्फवेड्या गृहस्थाने ती जागा विकत घेतली तेव्हा खेळ वाचला. आजही तिथलं जुनं मैदान रविवारी सहसा खेळाला बंद असतं आणि गावकरी कुत्री घेऊन त्यावर फिरतात. हे वाचल्यापासून त्या गावाबद्दल मला माहेरासारखं वाटतं.

आमच्याकडे गोल्फवेडा जमीनदार नव्हता. सामाईक सातबारा होता. त्यावर इतकी नावं की तलाठ्याला पान पुरवावं लागे. निम्मे मुंबईत, चार बडोद्यात, काही कैलासात. ही सगळी मंडळी एका कागदावर सह्या करतील असं कुणाला स्वप्नातही वाटलं नव्हतं, आणि याच भरवशावर आमचा सडा टिकून होता. कोकणात जमीन वाचवते ती भाऊबंदकी. पण महामार्ग चौपदरी होऊ लागला, दर वर चढले आणि तीस-तीस वर्षं एकमेकांच्या बारशाबारव्याला न गेलेले चुलतभाऊ हसत हसत एका गाडीतून तहसील कचेरीत उतरले. पैशाने तुटलेली माणसं जोडली जातात हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

मग मोजणी झाली. छत्रीखाली यंत्र, खांद्यावर पट्ट्यापट्ट्यांची काठी. दगडांवर लाल रंगाचे ठिपके पडले आणि शेवटी फक्कीच्या पांढऱ्याशुभ्र रेघा मारून प्लॉट आखले. मोजणीवाल्यांची पाठ वळते न वळते तोच पोरांनी त्या रेघांची बाउंड्री केली. इतकी सरळ बाउंड्री त्यांना जन्मात मिळाली नव्हती. तो सगळा मोसम आम्ही ओट्यावरून "अरे, सातातून पळ, अकरात कॅच उडालाय!" असला पुकारा ऐकत होतो. लांज्यातल्या जमिनीच्या नकाशाचं इतकं बारीक ज्ञान तेव्हा तलाठ्यालाही नसेल.

योजनेची पत्रिका गुळगुळीत कागदावर निघाली. नावात 'व्हॅली' आहे. दरी कुठे आहे ते विचारू नये. समुद्र हाकेच्या अंतरावर आहे म्हणे. लांज्यातून हाक मारून रत्नागिरीच्या किनाऱ्यावर ओ घेणारा गळा बिल्डरकडे असेल तर मला त्याचं नमन-गाणं ऐकायचं आहे. आणि मुखपृष्ठावर सूर्यास्त. निरखून पाहिलं तर कोपऱ्यात आमच्या गडग्याचं टोक आणि वाळत घातलेल्या लुगड्याचा काठ. फोटो आमच्या अंगणातून काढला होता. त्या दिवशी आलेल्या मुलाला मी ताकही दिलं होतं.

भाच्याने मात्र फोनवर कायदा काढला. त्याच्याच शहरात अवाटुकी नावाच्या वस्तीत २०१३ मध्ये असंच एक गोल्फचं मैदान बंद पडलं होतं. मालकाला घरं बांधायची होती. पण जमिनीबरोबर नोंदवलेल्या जुन्या अटींमध्ये ती जागा गोल्फसाठी राखल्याचं निघालं. शेजारच्या बायका कोर्टात गेल्या आणि कोर्टाने मालकाला पुन्हा मैदान करून द्यायचा हुकूम केला. "मावशी, तुम्हीही बघा ना कागद." म्हणून मी आमच्या वकिलांकडे गेले. ते वयाने माझ्या दिरासारखे, त्यामुळे सल्ला फुकट आणि चहा माझ्याकडे.

ते म्हणाले, "वहिनी, १८८२ चा सुविधाधिकाराचा कायदा आहे. घराला उजेड, वारा वीस वर्षं बिनहरकत मिळाला असेल तर तो हक्क होतो. वाट वीस वर्षं हक्काने वहिवाटली असेल तर तीही. कुणी वाट अडवली तर सहा महिन्यांच्या आत तहसीलदारांकडे मामलेदार कोर्टाचा दावा करा."

"आणि समोरचं दिसणं?"

"त्याला हक्क नाही. सूर्यास्ताची वहिवाट होत नाही."

सातबाऱ्यावर 'इतर हक्क' नावाचा एक रकाना असतो. त्यात सोसायटीचं कर्ज येतं, कुळाचं नाव येतं, विहिरीतला हिस्सा येतो. मी घरी आले आणि जुना उतारा काढून बघितला. सड्याच्या गटाचा तो रकाना कोरा होता. म्हणजे तात्यांची चाळीसेक वर्षांची हजेरी नाही. पोरांचं मैदान नाही. आमच्या आमसुलांचं कडक ऊन नाही. शिमग्यात पालखी खांद्यावर नाचवायला लागणारी ऐसपैस जागा नाही. आम्ही कधी खंड भरला नाही, पावती मागितली नाही, आता कुठल्या तोंडाने बोलायचं? फुकटाची चैन होती आणि तिचे मालक मुंबईला होते. मालकांनी विकलं, हे रीतसर झालं. त्यांच्या पोरांना डोंबिवलीत घरं घ्यायची होती. मी त्यांच्या जागी असते तर सही करायला पेनही माझंच दिलं असतं. तरी वाईट वाटायचं ते वाटलंच, कारण वाईट वाटायला सातबारा लागत नाही.

पहिल्या वर्षी जेसीबीने कातळ फोडलं. लांज्याला पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. तो पूर्वी सड्यावर रेंगाळायचा, डबकी भरायचा, जांभ्यातून झिरपत खालच्या वाडीच्या विहिरीत सावकाश उतरायचा. आता सिमेंटच्या रस्त्यावरून तो धावतच खाली येतो. खालच्या वाडीचं म्हणणं, आषाढात पाणी उंबऱ्याशी आणि फाल्गुनात विहिरीचा तळ. बाकी सुधारणा पुष्कळ झाली. आमच्या दारापर्यंत डांबर आलं. दर शनिवारी एखादा एजंट येऊन, "आजी, तुमचं पण काढायचंय का?" असं विचारून जातो. त्या 'काढायचंय'चा अर्थ लागेपर्यंत मी दोनदा दचकले होते.

बंगले झाले ते देखणे आहेत, खोटं कशाला बोला. वर्षाचे अकरा महिने त्यांना कुलूप असतं आणि त्यांतल्या बऱ्याच किल्ल्या आमच्या फडताळात असतात. मे महिन्यात आणि लाँग वीकेंडला माणसं येतात, गाणी लावतात, मासे कुठे मिळतील विचारतात, आमसुलं किलोने नेतात. आमसुलं आता मी पत्र्यावर वाळवते. पूर्वीची चव नाही, पण दर दुप्पट आहे. तात्या अजून त्याच धोंड्यावर बसतात, पण समोर चार नंबरचा बंगला आहे. परवा म्हणाले, "काय वयनी, त्येंच्या काचंत बुडतो तो आता, बरा दिसतो." आमच्या बाजूची काच तर पूर्वेची आहे. त्यात मावळतीचं कसं दिसतं हे मला अजून उमगलेलं नाही आणि तात्यांना विचारायचं धाडस नाही.

भाच्याला वाटतं, जगभर शेजारी एकाच बाजूला असतात: मोकळ्या हिरवळीच्या. तसं नसतं. नेरूळला सिडकोच्या योजनेत पाणथळ जागेवर गोल्फचं मैदान आणि घरं येणार होती. तिथले शेजारी गोल्फ नको म्हणून उच्च न्यायालयात गेले, कारण त्या पाण्यात फ्लेमिंगो उतरतात, आणि २०१८ मध्ये न्यायालयाने त्यांचं म्हणणं मानलं. मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. नाशिकचं गोल्फ क्लब मैदान तर मला फार आवडतं. गोल्फ कधीच संपला, नाव राहिलं. रीतसर नाव अनंत कान्हेरे मैदान. आमच्याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेड तालुक्याचा तो पोरगा. १९०९ मध्ये नाशकात त्याने कलेक्टर जॅक्सनवर गोळी झाडली. साहेबाच्या खेळाच्या जागेला त्याचं नाव, आणि तिथे आता रणजीचे सामने होतात, नाशिककर सकाळी फेऱ्या मारतात. गोल्फच्या मैदानाचं असंही होऊ शकतं. फक्त कुणाकडून तरी ते विकायचं राहून जावं लागतं.

गेल्या आठवड्यात चार नंबरचे साहेब मुंबईहून खास आले. हातात टाइप केलेला अर्ज. त्यांच्या बंगल्याच्या पश्चिमेला योजनेचा दुसरा टप्पा निघाला आहे, दोन मजली. "काकू, आमचा व्ह्यू जाणार हो. आम्ही त्याचेच तर पैसे दिले होते. नगरपंचायतीत हरकत द्यायची आहे. शेजाऱ्यांच्या सह्या असल्या तर वजन पडेल." मी चहा टाकला, चष्मा लावला आणि अर्ज वाचला. 'निसर्ग' बरोबर होता, 'सूर्यास्त'चा उकार ऱ्हस्व पडला होता, तो दीर्घ केला. 'पिढ्यान्पिढ्या' हा शब्द मी खोडायला सांगितला. बंगल्याला अजून दुसरा पावसाळा लागायचा आहे. मग सही केली आणि तात्यांनाही हाक मारली. त्यांनी वाचायला मागितलं नाही, फक्त कुठली दिशा ते विचारलं आणि अंगठ्याला शाई लावली.

साहेबांनी दोन प्रती आणल्या होत्या. एक मी ठेवून घेतली.