मामा करमुक्त, भाचा करपात्र

‘तुमचं इनकम किती?’ हे कोण विचारतंय याचा अंदाज घेतल्याशिवाय शहाणा मराठी माणूस उत्तर देत नाही. मुलाचं स्थळ सुचवणाऱ्या बाईंना तो ‘पॅकेज’ सांगतो. उसने मागायला आलेल्या मेहुण्याला सगळे हप्ते वजा जाता उरलेली चिल्लर ऐकवतो. आणि उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सेतू केंद्राच्या रांगेत उभा राहिला, की त्याची इस्त्रीसुद्धा आपोआप मोडते.

यात त्याचा दोष नाही, मुळात तो शब्दच मोघम. इंग्रजीत ‘इनकम’ म्हणजे आधी नुसतं आत येणं. माणूस दारातून आत आला तरी ते इनकमच. पैशाला तो शब्द नंतर चिकटला. फारसीतून आलेली आमदनी, संस्कृतातला आय, बाजार समितीतली आवक, सगळ्यांचा धातू येण्याचाच. पैसा येतो यावर इतक्या भाषांचं एकमत. कुठून येतो म्हटलं, की सगळ्या गप्प. ‘उत्पन्न’ तेवढं कष्टाळू. ते येत नाही, उपजावं लागतं. जमिनीतून उपजणाऱ्या अस्सल उत्पन्नावर केंद्राचा आयकर नाही, म्हणून मार्च आला की शहरातल्या कितीतरी प्रतिष्ठितांना आपली कुठेशी द्राक्षबाग असल्याचं आठवतं. आणि ‘पगार’ आपण पोर्तुगीजांकडून घेतला. त्यांच्याकडे ‘पगार’ म्हणजे पैसे देणं. आपण त्याचा अर्थ पैसे मिळणं असा करून घेतला. महिन्याच्या दहा तारखेपर्यंत पोर्तुगीजच बरोबर होते हे पटतं.

या येणाऱ्या पैशाला हिंदुस्थानात पहिल्यांदा दारात अडवलं जेम्स विल्सन या साहेबाने. १८५७ च्या उठावात सरकारची तिजोरी खंगली, ती भरायला विलायतेहून त्याला धाडलं. ‘द इकॉनॉमिस्ट’ हे साप्ताहिक १८४३ मध्ये काढणारा हा विद्वान मूळचा टोप्यांचा कारखानदार. युरोपियनांना आपले पूर्वज टोपीकर म्हणत ते उगीच नाही! १८६० मध्ये त्याने कलकत्त्यात आयकर मांडला, वर्षाला दोनशे रुपयांच्या आतल्यांना माफी दिली, बाकीच्यांना टोपी घातली आणि त्याच ऑगस्टमध्ये हगवणीने गेला. टोपी मात्र राहिली.

आता कायदाच विचारतोय म्हटल्यावर उत्पन्न म्हणजे काय हे त्याने तरी सांगावं? आयकर कायद्यातली व्याख्या मी मोठ्या आशेने उघडली. उत्पन्न म्हणजे अमुक, असं ती म्हणतच नाही. उत्पन्नात काय काय येतं, एवढंच म्हणते आणि किराण्याच्या यादीसारखी लांबत जाते: नफा, लाभांश, लॉटरी, घोड्यांची शर्यत, पत्त्यांचा डाव. बरं, कमाई सचोटीची हवी अशीही अट नाही. सोन्याच्या तस्करीसाठी नोटा घेऊन सीमेकडे निघालेला एक इसम पकडला गेला, नोटा जप्त झाल्या. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की तस्करी हा याचा धंदा, जप्ती हा धंद्यातला तोटा, सबब तो कमाईतून वजा करावा. (पुढे ही सोय बंद झाली.)

पण या कायद्याची खरी रंगत नात्यागोत्यात. नातेवाइकाने दिलेली भेट करमुक्त. मामा आईचा भाऊ, म्हणून भाच्याला त्याने कितीही द्यावं. उलट भाच्याने मामाला दिलं तर? ‘नातेवाईक’ कोण याच्या यादीत भाचा नाहीच! म्हणजे मामा माझा नातेवाईक, मी मामांचा कोणी नाही. अशा परक्यांकडून वर्षात पन्नास हजारांपर्यंत चालतं. वर एक रुपया गेला, की सगळीच रक्कम उत्पन्न.

आणि वरचा एक रुपया न घालता पाकीट द्यायची आपल्यात पद्धत आहे का? मामांच्या साठीला मी हळदीकुंकवाचं बोट लावून ५०,००१ दिले. विवरणपत्र भरताना सीएने ते बरोब्बर हेरले.

“हे तुमचं उत्पन्न धरावं लागेल, काका.”

“अहो, हा माझ्या सख्ख्या बहिणीचा मुलगा!”

“कायद्याने तो कोणी नाही.”

मामी आतून म्हणाल्या, “लग्नातला आहेर माफ असतो ना? मग साठीला आम्ही पुन्हा हार घातले होते एकमेकांना. तसं लिहा.”

“साठी म्हणजे लग्न नव्हे, काकू.”

मामांनी क्षणभर विचार केला, सदऱ्याच्या खिशातून एक नाणं काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. “हा तुझा रुपया घे परत. आता तू माझा भाचा.”