विकणे आहे: सुधारित मियाता

अमेरिकेत जुनी माझदा मियाता विकणाऱ्यांचा हिशेब अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यासावा असाच आहे. १९८९ साली ही १.६ लिटर इंजिनाची, उघड्या टपाची दोन आसनी गाडी आली. जपानी अभियंत्यांच्या नजरेतून सुटलेल्या उणिवा पुढे मालकाने घरच्या गॅरेजात दूर केल्या. टर्बो बसवला, स्प्रिंगा कापल्या, सायलेन्सर काढून शेजाऱ्यांनाही आनंदात सामील करून घेतले. त्यावर गेलेला प्रत्येक डॉलर किमतीत धरला आहे. जळालेली दोन इंजिनेही धरली आहेत. अनुभवाला मोल असतेच ना! एअरबॅग काढल्याने वजन घटले, त्याचे वेगळे पैसे. घासाघीस करू नये. गाडी सध्या सुरू होत नाही, किरकोळ काम आहे. काढलेले मूळ भाग हवे असल्यास मिळतील. त्यांची किंमत गाडीपेक्षा जास्त.