स्थानिक कलाकार

गणपतीच्या वर्गणीला निघालेली मुलं अप्पांच्या दारात पावतीपुस्तक उघडत नाहीत. "अप्पा, यंदा मंगळवार चालेल का?" एवढंच विचारतात. बाकीची सोसायटी मंडळाला पैसे देते, अप्पांचं घर कार्यक्रम देतं. मग पत्रिका छापून येते. पहिल्या दिवशी कीर्तन, दुसऱ्या दिवशी मुंबईचा नावाजलेला वाद्यवृंद, तिसऱ्या दिवशी जादूचे प्रयोग. आणि मंगळवारी, चमचा-लिंबू आणि बक्षीस समारंभ यांच्या मधल्या ओळीत, 'सुगम संगीत: स्थानिक कलाकार'. त्याखाली औषधाच्या दुकानाची जाहिरात. तिचा टाईप मोठा असतो.

अप्पांच्या वृंदाला स्वतःचं नाव नाही, हे त्याचं एक कारण. नावं ठेवायला घरातले सगळे तयार असतात, पण एकाच नावावर दोघांचं जमत नाही. तशी अशी कुटुंबं काही दुर्मिळ नाहीत. डोंबिवलीत तर चार-दोन सोसायट्यांमागे एक निघेल. ठाणे, सांगली, चिंचवड, कुठेही जा. ज्या घरात डोहाळजेवणाचं आमंत्रण देताना "येताना पेटी आणा" असं वर सांगतात, ते घर अप्पांच्या जातकुळीतलं समजावं.

अप्पा पेटी वाजवतात. बँकेत कॅशिअर होते तेव्हा नोटा मोजताना मनात दादरा धरायचे, आणि सहा-सहाच्या हिशेबानं शंभराच्या बंडलात शेवटी चार नोटा उरतात याचा त्यांना खरोखर त्रास व्हायचा. वहिनी गातात आणि घर चालवतात, दोन्ही वरच्या पट्टीत. थोरला तबल्यावर. तो ऐरोलीला आयटीत आहे आणि अधूनमधून 'ऑन कॉल' असतो. तेव्हा डग्ग्याशेजारी लॅपटॉप उघडा ठेवावा लागतो. एका एकादशीला त्यानं डाव्या हातानं भजनी ठेका चालू ठेवून उजव्या हातानं कुठला तरी सर्व्हर पुन्हा सुरू केला. पुढच्या रांगेतल्यांना वाटलं, नवीन वाद्य आलंय. धाकटी कीबोर्डवर. तिला नवी गाणी बसवायची असतात, अप्पांच्या मते मराठी भावगीत 1975 च्या सुमारास पूर्ण झालेलं आहे. चौऱ्याऐंशी वर्षांच्या आजींकडे टाळ. लय कुणीही धरो, ठरवतात आजी.

सुनेची कथा निराळी. मुलगी बघायला गेले तेव्हा कांदेपोहे यायच्या आधी अप्पांनी पट्टी विचारली. "मला गाता येत नाही," असं तिनं स्वच्छ सांगितलं आणि सुटले असं तिला वाटलं. लग्नानंतरच्या पहिल्याच कोजागिरीला तिच्या हातात माईक देऊन निवेदनाला बसवलं. आता ती दोन गाण्यांच्या मधे अशी काही बोलते, की लोक गाणी थोडी कमी करा म्हणतात.

साऊंड मामांकडे. मामा म्हणजे वहिनींचे धाकटे भाऊ. "हॅलो, चेक, माईक चेक, वन टू थ्री." थ्रीच्या पुढे मामा आजवर गेलेले नाहीत, कारण तिथेच शिट्टी सुरू होते. त्यातही त्यांचा दोष थोडा. स्पीकरचं तोंड माईककडे असलं की माईक स्पीकरचाच आवाज पकडून त्याला परत देतो, तो आणखी वाढवून सोडतो, आणि मंडपभर शिट्टी घुमते. म्हणून स्पीकर गायकांच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून हवेत. पण पुढे अध्यक्षांचा सोफा असतो आणि अध्यक्षांना आवाज सोसत नाही. स्पीकर मागे जातात, मामा वायर हलवत राहतात आणि प्रेक्षक मामांकडे बघत राहतात.

पेटी हा घरातला नाजूक विषय. आकाशवाणीनं 1940 साली पेटीला दार बंद केलं, कारण तिच्यात मींड निघत नाही, श्रुती सापडत नाहीत. ते दार किलकिलं व्हायला 1971 उजाडलं. अप्पा ही हकीकत प्रत्येक कार्यक्रमात सांगतात, स्वतःवर झालेल्या अन्यायासारखी. वहिनी शेजारी बसून तेवढ्यात पाण्याचा घोट घेतात. एकदा माईक चालू आहे हे लक्षात न येता त्या म्हणाल्या, "एकतीस वर्षं! कोण होते हो ते साहेब?" त्या दिवशी मामांचा साऊंड अगदी स्वच्छ लागला होता.

प्रवासाचे प्रसंग मात्र सोसायटीबाहेरचे. अंबरनाथला एका घरी सत्यनारायण होता. गाडी ठरवावी तर यजमानांनी "खर्चाचं बघू" म्हटलेलं, म्हणजे बघणार नाहीत. तेव्हा पेटी दुपारच्या कर्जत लोकलच्या मालडब्यात चढवली. डब्यात मासळीच्या पाट्या होत्या. एका मावशींनी प्रेमानं सरकून जागा केली, पेटी पाटीला टेकली आणि अंबरनाथ येईपर्यंत दोघींनी एकमेकींना आधार दिला. संध्याकाळी पूजा झाली, शिऱ्याचा प्रसाद फिरला, अप्पांनी भाता उघडला आणि पहिल्या सुराबरोबर बोंबलाचा एक सणसणीत झोत भटजींच्या दिशेनं गेला. भात्याचं कामच हवा आत घ्यायची आणि बाहेर सोडायची. अप्पा जसजसे रंगत गेले तसतसा भाता जोरात चालला. भटजी उठून गॅलरीत गेले. यजमानांची मांजर मात्र शेवटच्या भैरवीपर्यंत पेटीसमोर बसून होती. इतका एकाग्र श्रोता आपल्याला फार दिवसांनी मिळाला, असं अप्पा अजूनही सांगतात.

संगीत खुर्चीला संगीत लागतं हे मंडळाच्या लक्षात आलं, तेव्हा ते कामही अप्पांकडे आलं. मोबाईलवरचं गाणं हवं तिथे तोडता येतं, अप्पांना ते जमत नाही. त्यांनी यमन काढला, थोरल्यानं त्रिताल धरला, मुलं फिरू लागली. सचिवांनी हातानं 'थांबा' अशी खूण केली. अप्पांनी मान डोलावली, अर्थ असा की समेवर येऊ द्या. सोळा मात्रांचं आवर्तन पुरं झालं, पण तान अर्धीच राहिली होती, म्हणून आणखी एक आवर्तन. तेवढ्यात दोन मुलांना चक्कर आली. बी-विंगमधला एक मुलगा मात्र तबल्याच्या क्लासला जायचा. तिहाईचा पहिला तुकडा पडला की तो खुर्चीपाशी रेंगाळे, दुसऱ्याला वळे आणि तिसऱ्याच्या 'धा'वर मांडी ठोकून बसलेला असे. पहिलं बक्षीस दरवर्षी त्याच्याच घरी जायला लागलं तशा आयांच्या तक्रारी आल्या. सचिव अप्पांना म्हणाले, "एकदा तरी मधेच थांबा ना!" अप्पा थक्क झाले. "मधेच? समेच्या आधी? मुलांवर काय संस्कार होतील, साहेब!"

गणेशोत्सवातल्या हवेचंही यांच्याशी वैर आहे. भाद्रपदातल्या ओलाव्यानं तबल्याची पुडी सैल पडते, पेटीच्या पट्ट्या फुगून अडकतात. थोरला मंडपातल्या हॅलोजनपुढे तबला शेकत बसतो, तो तापून इतका चढतो की मग हातोडीनं उतरवत बसावं लागतं. एवढं होईतो पावणेदहा वाजलेले असतात. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, हा नियम 2000 सालापासून आहे. उत्सवातल्या मोजक्या दिवशी बारापर्यंत सवलत मिळते, पण ते दिवस मुंबईच्या वाद्यवृंदाला जातात. स्थानिक कलाकारांच्या वाट्याला बिनसवलतीचा मंगळवार. दहाच्या ठोक्याला मामा नाइलाजानं बटण बंद करतात. त्यानंतरचं गाणं बिनमाईकचं असतं, आणि लोक म्हणतात, आज शेवटचं फार छान झालं.

ज्येष्ठ नागरिक संघाचा रामनवमीचा कार्यक्रम म्हणजे तर परीक्षाच. गीतरामायणात 56 गाणी. 1955 च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेली ही मालिका वर्षभर चालली होती. संघाला तेवढा धीर नसतो. प्रत्येकाला आपलं एक गाणं आजच ऐकायचं असतं, त्यामुळे सीता एकदा स्वयंवराच्या आधी वनात जाते आणि सेतू बांधून झाल्यावर रामजन्म होतो. सून निवेदनात ते सगळं कसंबसं जुळवून आणते.

बिदागीबद्दल न बोललेलं बरं. शाल, श्रीफळ आणि "तुम्ही तर घरचेच". उत्सव संपतो तेव्हा वहिनींच्या स्वयंपाकघरात नारळांची रास असते. मग पंधरा दिवस वड्या, करंज्या, सोलकढी आणि प्रत्येक भाजीवर मूठभर खोबरं. डॉक्टरांनी अप्पांचं कोलेस्टेरॉल वाढल्याचं सांगितलं तेव्हा वहिनी म्हणाल्या, "कार्यक्रम कमी करा." डॉक्टरांना संबंध कळला नाही.

एवढं सोसून लोक यांना बोलावतात कशाला आणि हे जातात कशाला, हा प्रश्न मला शेजारी म्हणून बरीच वर्षं पडत होता. पेटीची खोळ उचलायला आणि वहीची पानं उलटायला मला नेत असत, म्हणून उत्तर जवळून बघता आलं. यांचं गाणं ऐकायला कुणी बोलावत नाही. बोलावणाऱ्याला स्वतःला गायचं असतं. तिसऱ्या गाण्यानंतर कुणीतरी हळूच पुढे सरकतं, "मी एक म्हणू का?" असं विचारतं, आणि खरा कार्यक्रम तिथून सुरू होतो. वकीलकाका, पोळ्यावाल्या मावशी, वॉचमन, नुकत्याच सेवानिवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका. मुंबईच्या वाद्यवृंदात यांना स्टेजच्या पायरीपर्यंतही कुणी येऊ देत नाही. कराओकेचा ट्रॅक आहे, पण ट्रॅक कुणासाठी थांबत नाही. बाईंनी एका ओळीला जास्त श्वास घेतला की तो पुढच्या कडव्यात पोचलेला असतो आणि बाई एकट्या मागे राहतात.

अप्पा मागे राहू देत नाहीत. त्यांच्याकडे एक निळी डायरी आहे. तिच्यात सगळ्या वसाहतीच्या पट्ट्या लिहिलेल्या आहेत. 'ए-विंग, तिसरा मजला: पांढरी दोन, दुसऱ्या कडव्याला काळी एक.' 'मुख्याध्यापिका: काळी पाच. कडवं चुकल्यास आपणच चुकलो असं दाखवणे.' 'वकीलकाका: पट्टी आढळत नाही. भाव शुद्ध.' मतदार यादीत मेलेल्यांची नावं राहतात, अप्पांची डायरी मात्र अद्ययावत असते. कुणाचा कवळीनं सूर बदलला, कुणाचा बायपासनंतर अर्ध्या पट्टीनं उतरला, सगळ्याची नोंद.

त्या डायरीची कसोटी लागली ती बदलापूरला. एका आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन होतं. घरच्यांनी हौसेनं सगळं केलं होतं, चांदीची चंद्रप्रतिमा, औक्षण, नातवंडांचे फोटो. चार गाणी झाली आणि आजोबांनी हात वर केला. त्यांना नाट्यपद म्हणायचं होतं. मुलानं कानात सांगितलं, "बाबा, दम लागेल." आजोबांना त्या कानानं ऐकू येत नव्हतं.

सुरुवात काळी एकला झाली. अस्ताई संपेपर्यंत ते पांढरी एकवर आले होते, अंतऱ्याला उडी मारायला गेले आणि भलतीकडेच उतरले. अप्पांच्या पेटीला स्केल चेंजर नाही, बोटांनाच पळावं लागतं. ती पळाली. ओळ आठवेना म्हणून आजोबांनी पहिलीच परत घेतली, तेव्हा अप्पांनी तिला अशी जागा दिली की पदाची चालच तशी वाटावी. शब्द अडला की वहिनी अर्धी मात्रा आधी तो ओठांतल्या ओठांत ठेवत. आजींचा टाळ आजोबांच्या श्वासाला लागला होता, त्याच वयाचा श्वास. लॅपटॉपवर काहीतरी लाल चमकत होतं, थोरल्यानं बघितलंही नाही. आणि मग आवर्तन अर्ध्यावर असतानाच, आठव्या मात्रेच्या आसपास, आजोबा थांबले. पद संपलं, असं त्यांचं मत होतं.

मी अप्पांकडे बघितलं. संगीत खुर्चीत मुलांना चक्कर आणणारे अप्पा. त्यांनी थोरल्याला भुवई दाखवली, आणि आजोबा जिथे थांबले होते तिथेच थोरल्यानं सम टाकली. खणखणीत 'धा'. जणू ताल कधीपासून तिथेच यायला निघाला होता. टाळ्या पडल्या.

निघताना आजोबांनी सुनेला जवळ बोलावून खासगीत सांगितलं, म्हणजे सगळ्या खोलीला ऐकू गेलं, "पेटीवाला जरा कच्चा आहे. पण मी सांभाळून घेतलं त्याला."

अप्पांना आजवर मिळालेल्या प्रशस्तिपत्रकांत ते याचा क्रमांक पहिला लावतात. परतीच्या गाडीत नारळ मांडीवर घेऊन त्यांनी डायरी उघडली, पेनाचं टोपण दातात धरलं आणि बराच विचार करून लिहिलं: 'बदलापूर, आजोबा. पट्टी: सर्व.'