पंतप्रधान झाले आणि किताब उतरवला

अहो वहिनी, ऐकलंत का? जरा कुंपणापाशी या. तो ब्रिटनच्या मजूर पक्षाचा टोनी बेन बिचारा पावणेतीन वर्षं कोर्टकचेऱ्या करत राहिला, आणि पंतप्रधानांच्या खुर्चीवर जाऊन बसले कोण, तर लॉर्ड ह्यूम! लिहायचं होम, म्हणायचं ह्यूम. बड्या घरची सगळीच तऱ्हा.

बेनचे वडील गेले 1960 च्या नोव्हेंबरात. थोरला भाऊ आधीच लढाईच्या दिवसांत गेलेला, म्हणून व्हायकाउंटपद पडलं याच्या गळ्यात. नको नको म्हटलं तरी! आणि तेव्हा एकदा लॉर्ड झालात की कॉमन्सचं, म्हणजे निवडून आलेल्यांच्या सभागृहाचं, दार बंद व्हायचं. पठ्ठ्या 1961 ला ब्रिस्टलमधून पुन्हा उभा राहिला, चांगला दणक्यात निवडून आला, तर कोर्टानं सीट दिली हरलेल्याला! आणि तो सेंट क्लेअर तरी कोण? तोही एका लॉर्डचाच वारस. आता काय बोलायचं... 1963 च्या 31 जुलैला एकदाचा कायदा झाला, की किताब सोडता येईल. संध्याकाळी मंजुरी आली आणि काही मिनिटांत बेननं सही ठोकली. सेंट क्लेअरनं मात्र शब्द पाळून जागा सोडली हं, तेवढं म्हणायला हवं.

हा कायदा चाळीस वर्षं आधी असता ना, तर कर्झनचं... आपला व्हाइसरॉय हो, बंगालची फाळणीवाला! 1898 ला हिंदुस्थानात यायच्या वेळी त्यानं किताब घेतला तो मुद्दाम आयर्लंडचा. का, तर तसल्या लॉर्डाला कॉमन्समध्ये बसता येतं. पंतप्रधान पामर्स्टन नव्हता का तसलाच? हुशारी बघा केवढी! पण मोह वाईट. पुढे ब्रिटनचा अर्ल झाला, मग 1921 ला मार्क्वेस. उघडं ठेवलेलं दार स्वतःच्या हातानं लावून घेतलं.

तर काय सांगत होते, 1923 चा मे. पंतप्रधान बोनर लॉ आजारी, त्यांनी राजीनामा दिलेला. कर्झन तिकडे सॉमरसेटला, मॉन्टाक्यूटच्या वाड्यात. तिथे फोनसुद्धा नाही. राजाचा सेक्रेटरी स्टॅमफर्डहॅम, त्याची तार आली, लंडनला या. मग काय, गुडघ्याला बाशिंग! गाडीत बायकोशी बेतसुद्धा झाले म्हणे, की राहायचं आपल्याच घरी, डाउनिंग स्ट्रीट नुसतं कामापुरतं. फोटोवाले हजर. दुपारी स्टॅमफर्डहॅम घरी आला आणि कसंबसं सांगितलं, की आता मुख्य विरोधी पक्ष मजुरांचा, त्यांचं लॉर्ड्समध्ये कोणी नाही, तेव्हा पंतप्रधान कॉमन्समधलाच हवा. आणि इकडे हे चाललंय तोवर कॉमन्समधला बाल्डविन राजवाड्यात! तोंड कसं झालं असेल हो... रडला म्हणतात, तो एवढा ताठ माणूस. आणि आठवड्यानं पक्षाच्या सभेत त्याच बाल्डविनचं नाव पुढे केलं ते यानंच. मला तर त्या दिवसापुरता तो आवडला, खोटं कशाला सांगू.

हं, तर ह्यूम. 1963 चा ऑक्टोबर, पंतप्रधान मॅकमिलन हॉस्पिटलात, ब्लॅकपूलला त्यांच्या कॉन्झर्वेटिव्ह पक्षाची कॉन्फरन्स. मॅकमिलनच्या राजीनाम्याचं पत्र वाचून दाखवलं कोणी? ह्यूमनीच. त्याच दिवशी लॉर्ड हेल्शॅमनं भर सभेत जाहीर केलं, मी किताब सोडतो! काय त्या टाळ्या! आणि वर हॉटेलच्या लॉबीत तान्ही लेक न् तिचं खाणं घेऊन हजर. बड्या मंडळींनी अशी नाकं मुरडली... ज्येष्ठ मंत्री बटलरला वाटलं, आता आपलाच नंबर. ह्यूम तर मंत्रिमंडळात मला नको म्हणाले होते म्हणे! पण राणीसाहेब हॉस्पिटलात गेल्या, मॅकमिलननी नाव घेतलं ते ह्यूमचंच. 19 ऑक्टोबरला पंतप्रधान, 23 ला चौदावं अर्लपद उतरवलं, 7 नोव्हेंबरला किनरॉसहून निवडून आले. मधले पंधरा दिवस पंतप्रधान आहेत, पण ना लॉर्ड्समध्ये ना कॉमन्समध्ये! मॅक्लाउड आणि पॉवेल हे दोन मंत्री तर रुसून त्यांच्या मंत्रिमंडळात आलेच नाहीत. बेननं खणलं आणि आयत्या बिळावर हे नागोबा, तेही समोरच्या पक्षाचे!

मजूर पक्षाचे नेते विल्सन, त्यांनी लगेच टोमणा मारला, चौदावे अर्ल म्हणे लोकशाही चालवणार. ह्यूम काय म्हणाले असतील? तेही चौदावे मिस्टर विल्सन असतीलच की! विल्सन गप्पच झाले असतील हो. पण वर्षभरात, 1964 ला, विल्सननी ह्यूमना थोडक्यात का होईना, घरी बसवलंच.

आणि पुढची गंमत ऐका. 1974 ला ह्यूम परत लॉर्ड झाले, हा तहहयातीचा किताब, मुलाबाळांना जात नाही. हेल्शॅम तर 1970 लाच परतलेला. आणि ते विल्सन, चौदावे अर्ल म्हणून हिणवणारे? 1983 ला तेही लॉर्ड! गेले त्याच सभागृहात, ह्यूम आधीच बसलेले तिथे. एक बेन तेवढा परत फिरकला नाही हो त्या दाराकडे.