पत्रास कारण की, मासा सोडून दिला

मायामी, फ्लोरिडा

ती. नाना आणि ती. सौ. आई यांस शि. सा. नमस्कार.

वि. वि. इकडे सर्व खुशाल. तुमचे चिरंजीवही खुशाल आहेत. फक्त नाकाचं साल निघालंय आणि उजवा खांदा धरलाय. फोनवर त्यांनी ‘बहामाला जाऊन मासेमारी केली’ एवढंच सांगितलं, आईंनी ‘कालवण केलं का?’ असं विचारलं आणि फोन कट झाला. तो नेटवर्कमुळे कट झाला नव्हता. सविस्तर हकिगत तुमची सून लिहीत आहे.

या माशाचं नाव बोनफिश. चंदेरी, दीड-दोन किलोचा, काट्यांनी भरलेला. उष्ण समुद्रात किनाऱ्यालगत मैलोन्‌मैल उथळ सपाटी असते. भरतीचं पाणी चढलं की त्या घोटा-गुडघाभर पाण्यात हा चरायला येतो, वाळूत तोंड खुपसून कोळंबी-खेकडे उकरतो आणि तोंडातल्या बोथट दाढांनी त्यांची कवचं फोडतो. त्याचे खवले आरशाचं काम करतात, त्यामुळे तळाचा जो रंग तोच त्याचा. मासा दिसत नाही, वाळूवर पडलेली त्याची सावली दिसते. चिरंजीवांना तीही दिसत नाही.

आपल्याकडे गळाला गांडूळ नाहीतर कणकेची गोळी लावतात. इथे तो अपमान समजतात. हुकाला पिसं, केस, धागे बांधून खोटी कोळंबी करायची, तिला म्हणायचं फ्लाय. ती इतकी हलकी की भिरकावली तर पायाशीच पडेल. म्हणून वजन दोरीला दिलेलं असतं, आणि नऊ फुटी काठीने ती दोरी डोक्यावरून मागे-पुढे झुलवून लांब सोडायची. याच्या सरावासाठी चिरंजीव रोज संध्याकाळी इमारतीच्या हिरवळीवर उभे राहून हवेत काठी हलवू लागले. गळाला काही नाही, समोर पाणी नाही. शेजारच्या आजींनी एकदा सूनबाईंना बाजूला घेऊन ‘घरात सगळं ठीक ना?’ असं विचारलं.

‘गॉचा’ नावाची एक नावाजलेली फ्लाय आहे. ती पहिल्यांदा बांधली तेव्हा अँड्रॉस बेटावरच्या टॅक्सीतल्या गालिच्याचे धागे उपटून वापरले होते, असं सांगतात. हे कळल्यापासून घरातली एकही वस्तू सुरक्षित नाही. आईंनी दिलेली घोंगडी एका कडेने कमी झाली आहे. कसर लागलेली नाही.

अँड्रॉस हे बहामातलं सगळ्यात मोठं बेट. राजधानी नासाऊवरून छोट्या विमानाने पाव तासाचा प्रवास. तिथे वाटाड्या होडीच्या मागच्या माचीवर उभा राहून लांब काठीने होडी रेटतो, कारण इंजिनाच्या आवाजाने मासा पळतो. पुढे काठी घेऊन चिरंजीव. दिशा घड्याळाच्या काट्यांनी सांगायची पद्धत आहे. होडीचं नाक म्हणजे बारा. वाटाड्या दबक्या आवाजात म्हणाला, “अकरा वाजता, चाळीस फूट!” चिरंजीवांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि साडेनऊच झाल्याचं त्याला सांगितलं. मासा तेवढ्यात निघून गेला.

दुपारी मात्र एक लागला. बोनफिश गळाला लागला की वर उडी मारत नाही, सरळ खोल पाण्याकडे धावतो. रीळ किंचाळायला लागलं, बघता बघता शंभरेक मीटर दोरी गेली, आणि चिरंजीव “अगं, अगं” याशिवाय काही बोलू शकले नाहीत. शेवटी मासा होडीशी आला. वाटाड्याने हात ओले केले, मासा पाण्याबाहेर न काढताच हूक सोडवला आणि शार्क किंवा बाराकुडा जवळ नाही हे बघून त्याला जाऊ दिलं. तुमची नात म्हणाली, “बाबा, एवढे पैसे भरून सोडून दिला?”

प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर तिथल्या खिशात आहे. बहामाच्या दहा सेंटच्या नाण्यावर बोनफिशच कोरलेला आहे. तो जाळ्याने धरायला आणि विकायला तिथे कायद्याने बंदी; फ्लोरिडात तर पकडला की सोडलाच पाहिजे. २०१० च्या एका पाहणीत या उथळ पाण्यातल्या मासेमारीने बहामाला वर्षाला सुमारे १४ कोटी डॉलर मिळवून दिल्याचं दिसलं. ताटात पडलेला मासा एकदाच पैसे देतो, पाण्यातला दरवर्षी देतो.

या वाटाड्यांचा मानही मोठा. १९६४ साली मार्टिन ल्यूथर किंग बहामातल्याच बिमिनी बेटावर नोबेलचं भाषण लिहायला आले, तेव्हा त्यांना खारफुटीच्या शांततेत होडीने नेणारा ॲन्सिल साँडर्स हा बोनफिशचाच वाटाड्या. चिरंजीवांनी अँड्रॉसच्या खारफुटीत बसून साहेबांना रजा वाढवून मागणारी ई-मेल लिहिली.

नाना, यात हसण्यासारखं खूप असलं तरी मासा असा राखणं आपल्या मावळाला नवीन नाही. वडिवळे धरणाचं पाणी इंद्रायणीतून देहूला जातं, आणि देहूच्या डोहातल्या माशांना कुणी गळ लावत नाही. आपला दख्खनी महाशीर कर्नल साइक्सने १८३९ साली पुण्याच्या नदीतल्या माशावरूनच शास्त्राला ओळखीचा करून दिला. पुढे तो कमी झाला, तेव्हा लोणावळ्यात वळवणला टाटांच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून त्याची पिल्लं वाढवून पाण्यात सोडली जाऊ लागली.

बोनफिश अंडी घालायला पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास थव्याने खोल समुद्रात जातो. त्या थव्यांच्या जागा राखायला तिथले लोक आता धडपडताहेत. आपले मासे उलटे, पहिल्या पावसात प्रवाहाविरुद्ध वर चढतात, आणि आपण नेमके तेव्हाच टोपल्या घेऊन ओढ्यात उतरतो. चढणीच्या माशांची चव आईंच्या हातची आहे, ती कुणी विसरलेलं नाही. तरी येत्या जूनमध्ये पोटात गाभोळी असलेले मासे तेवढे वर जाऊ द्या, असं आळीतल्या पोरांना सांगा. तुमचा शब्द ते मोडत नाहीत.

आणखी एक. दिवाळीला चिरंजीव काठी घेऊन येणार आहेत. धरणावर गळ टाकायला परवानगी कुणाची लागते ते पाटबंधारे खात्यात विचारून ठेवावे, आणि घोंगड्या कपाटात घालून कुलूप लावावे.

कळावे, आशीर्वाद असावेत.

तुमची सून