आधी खुर्ची घट्ट बसवा

घरच्या घरी विमान उडवायचं ठरवलं की नवशिका पहिली चूक करतो ती म्हणजे विमानाचा विचार. विमान कॉम्प्युटरच्या आत सुखरूप आहे, त्याची काळजी ते बनवणाऱ्यांनी घेतलेली आहे. तुम्ही विचार करायचा तो टेबलाचा, खुर्चीचा, खालच्या फरशीचा आणि ती फरशी रोज पुसणाऱ्या माणसाचा. मी गेली सहा वर्षं पुण्यात तिसऱ्या मजल्यावर, हॉलच्या एका कोपऱ्यातून विमान उडवतो. या काळात पैसे आकाशात जाण्यासाठी कमी आणि वस्तू जागच्या जागी राहाव्यात म्हणून जास्त गेले.

जागेपासून सुरुवात करू. ‘आपल्याकडे एवढी जागा कुठे आहे?’ असा प्रश्न घरातून येणारच. त्याला उत्तर तयार ठेवा. सेसना १७२ हे जगात सर्वांत जास्त संख्येनं बनलेलं विमान. १९५५ साली ते पहिल्यांदा उडालं आणि तेव्हापासून ४४,०००हून अधिक तयार झाली. त्याची केबिन आतून जेमतेम एक मीटर रुंद असते. एसटीच्या दोघांच्या बाकावर बसल्यासारखे पायलट आणि शिकाऊ खांद्याला खांदा लावून बसतात. म्हणजे अख्खं कॉकपिट तुमच्या शोकेसपेक्षा लहान. तरीही विरोध कायम राहिला तर अमोल यादव यांचं नाव काढा. या मराठी पायलटनं कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचं खरंखुरं विमान बांधलं आणि २०१६ साली ते मुंबईतल्या ‘मेक इन इंडिया’च्या प्रदर्शनात मांडलं. त्या मानानं तुम्ही फक्त एक खुर्ची आणि दोन पेडलं मागताय, असं शांतपणे म्हणायचं. हा मुद्दा एकदाच वापरता येतो. दुसऱ्यांदा वापरलात तर ‘मग तुम्ही पण गच्चीवरच जा’ असं उत्तर मिळतं.

टेबल

आता हातात काय धरायचं ते ठरवा. योक म्हणजे दोन्ही हातांनी धरायचं, पुढेमागे सरकणारं आणि फिरणारं हँडल. ते सेसनात असतं, बोइंगमध्येही असतं. एअरबसमध्ये त्याऐवजी बाजूला एक छोटी दांडी असते, तिला साइडस्टिक म्हणतात. कॅप्टन डावीकडे बसतो, त्याची साइडस्टिक त्याच्या डाव्या हाताला आणि थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करायची दांडी, उजव्या हाताला. म्हणजे एअरबस उडवणं हा कॅप्टनचा शब्दशः डाव्या हातचा मळ आहे. घरी मात्र यानं पंचाईत होते. उतरायच्या ऐन वेळी आई सत्यनारायणाचा प्रसाद घेऊन येते, उजवा हात थ्रॉटलवर असतो आणि डाव्या हातानं प्रसाद घ्यायची सोय नाही. अशा वेळी धावपट्टी सोडून पुन्हा वर जाणं हाच सुरक्षित मार्ग. त्याला ‘गो-अराउंड’ म्हणतात आणि त्यात कमीपणा काही नाही.

अगदीच नवखे असाल तर चार-पाच हजारांची साधी जॉयस्टिक घ्या आणि तीन महिने थांबा. तीन महिन्यांनी ती माळ्यावर गेली तर तुमचे पुढचे पन्नास हजार वाचले. कोणीही थांबत नाही, तो भाग वेगळा.

योक घेतलाच तर तो टेबलाच्या कडेला क्लॅम्पनं आवळावा लागतो. खरेदीआधी पट्टी घेऊन कडेची जाडी मोजा. आपल्याकडची डायनिंग टेबलं कडेला गोल, खाली नक्षीदार आणि वर काच, अशी असतात. त्यांना क्लॅम्प बसत नाही आणि बसला तर काच टिकत नाही. भुश्याच्या बोर्डाचं कॉम्प्युटर टेबल क्लॅम्प आनंदानं धरतं आणि पंधरवड्यानं सनमायकासकट कड सोडतं. लक्षात घ्या, विमान वर न्यायचं म्हणजे योक स्वतःकडे ओढायचा. हलक्या टेबलावर योक ओढला की आधी टेबल उड्डाण घेतं. १८ एमएमचा प्लाय आणून सुताराकडून एक फळी करून घ्या, तिला भिंतीत दोन ब्रॅकेट मारा. सुताराला हे काय आहे ते सांगत बसू नका. देव्हाऱ्याची फळी म्हणालात तर तो जास्त मन लावून काम करतो.

खुर्ची

पायांसाठी रडर पेडलं, म्हणजे विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवणारी पेडलं, लागतात, आणि खरी साडेसाती इथे सुरू होते. सेसनानं उड्डाणासाठी धाव घेतली की पंख्याच्या जोरामुळे नाक डावीकडे ओढलं जातं, म्हणून उजवं पेडल दाबून धरायचं. तुम्ही दाबता. पेडल गुळगुळीत फरशीवरून पुढे सरकतं. तुमची ऑफिसछाप चाकांची खुर्ची त्याच वेळी मागे जाते. धावपट्टीवर ताशी शंभर किलोमीटरच्या वेगात असताना पायलट शोकेसला टेकलेला असतो.

यावर मी केलेले उपाय क्रमानं असे. पेडलांखाली जुनी सतरंजी घातली, तर पेडलं सतरंजीसकट गेली. खुर्चीच्या पाच चाकांखाली पाच करवंट्या उपड्या न घालता उताण्या ठेवल्या, चाकं आत छान बसली आणि तिसऱ्या दिवशी दोन फुटल्या. मग पेडलं आजीच्या जेवणाच्या पाटावर स्क्रूनं ठोकली आणि पाट भिंतीला टेकवला. पाटाचं प्रकरण घरात अजून मिटलेलं नाही, पण पेडलं पुढे जायची थांबली. खुर्चीचं मागे जाणं उरलंच.

खुर्ची, पुन्हा

शेवटी उपाय सापडला तो सुतळीत. खुर्ची भिंतीला, कपाटाला किंवा नशिबाला बांधायची नाही. ती पेडलांनाच बांधायची. खुर्चीचा खांब आणि पाट यांच्यामध्ये सुतळीचा जाड पट्टा ताणून बांधला की तुम्ही पेडलाला जेवढ्या जोरानं पुढे ढकलता, तेवढाच जोर पट्ट्यातून खुर्चीला पुढे ओढतो. दोघांचा हिशेब आपसात मिटतो आणि कोणीच कुठे जात नाही. न्यूटननं हे सांगून ठेवलं होतं, फक्त सुतळीचा उल्लेख केला नव्हता. हौस वाढली की चाकांची खुर्ची सोडून गाडीचं जुनं सीट बघा. पुण्यात बुधवारी किंवा रविवारी जुना बाजार गाठलात तर मारुती ८००च्या सीटची चौकशी करता येते. सीट प्लायच्या फळीवर बोल्टनं बसवायचं, त्याच फळीवर पुढे पेडलं. पाट परत करता येतो. त्याला पडलेली आठ भोकं परत करता येत नाहीत.

या सगळ्याला कोणी पोरखेळ म्हटलं तर एडविन लिंकची गोष्ट सांगा. अमेरिकेत बिंगहॅम्टन गावी त्याच्या वडिलांचा ऑर्गन आणि पियानो बनवायचा कारखाना होता. तिथले भाते, झडपा आणि पंप घेऊन त्यानं १९२९च्या सुमारास एक लाकडी डबा बनवला. आत बसून दांडी हलवली की भात्यांत हवा भरायची, निघायची आणि डबा विमानासारखा कलायचा. म्हणजे जगातल्या पहिल्या चालत्या सिम्युलेटरांपैकी एक हा आपल्या बाजाच्या पेटीचा चुलतभाऊ. सुरुवातीला तो विकला गेला जत्रेतल्या पाळण्यांच्या शेजारी, करमणुकीच्या बागांमध्ये. १९३४ साली अमेरिकी लष्कराकडे टपालाची विमानं चालवायचं काम आलं, ढगात आणि रात्री उडायची सवय नसलेले पायलट एकामागून एक कोसळले, तेव्हा कुठे लष्करानं असे सहा डबे घेतले. तुमच्या घरात भाता नसेल तर बिघडत नाही. डबा हलवण्याचा विचार नवशिक्यानं करूच नये. न हलवण्याचाच खर्च झेपत नाही.

वायरी

स्क्रीन, ग्राफिक्स कार्ड आणि सिम्युलेटर कोणता, यावर मित्र तुम्हाला हवं तेवढं पिडतील. मायक्रोसॉफ्टचा २०२०चा किंवा २०२४चा घ्या, एक्स-प्लेन घ्या, पैसे द्यायचे नसतील तर फ्लाइटगिअर फुकट आहे. पुढे चला.

जॉयस्टिक घेताना एकच प्रश्न विचारा: आत पोटेन्शिओमीटर आहे की हॉल सेन्सर? पोटेन्शिओमीटर म्हणजे जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणात असायचा तोच भाग. धूळ बसली, पट्टी झिजली की रेडिओ खरखरायचा, आठवतं? जॉयस्टिकमध्ये तीच खरखर विमानाच्या पंखांना होते. हात स्थिर असतो आणि विमान थंडी वाजल्यासारखं थरथरतं. हॉल सेन्सर चुंबकानं काम करतो, आत काही घासत नाही, म्हणून तो टिकतो. किंमत जास्त पडते.

योक, पेडलं, थ्रॉटल, बटणांची पेटी असं सगळं मिळून यूएसबीची वीण वाढत जाते. यूएसबी २.० च्या एका सॉकेटमधून ५०० मिलिअँपिअर करंट मिळतो. साध्या हबला चार उपकरणं लावली तर चौघांनी मिळून तेवढ्यातच भागवायचं. म्हणून स्वतःचा अडॅप्टर असलेला हब घ्या. शिवाय विंडोज वीज वाचवण्याच्या नादात निवांत पडलेलं यूएसबी उपकरण झोपवतं. समुद्रावरून तासभर सरळ जाताना तुम्ही पेडलांना पाय लावत नाही, आणि गोव्याला उतरताना लावता तेव्हा ती झोपलेली असतात. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन प्रत्येक हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली ती बरोबरची खूण काढून टाका. घराचे दिवे जातात त्यावर मात्र खूण काढायची सोय नाही, तिथे यूपीएसच लागतो.

बटणांची पेटी स्वतः बनवायची खुमखुमी आलीच तर पुण्यातल्या तपकीर गल्लीत जा. टॉगल स्विच, गोल फिरणारे एन्कोडर, वायरीची भेंडोळी सगळं मिळतं. आर्डुइनो मेगा हा सर्किट बोर्ड आणि मोबिफ्लाइट नावाचं फुकट सॉफ्टवेअर जोडलं की बल्बचं बटण दाबल्यावर विमानाचा दिवा लागतो. पहिला दिवा लागला तेव्हा मी घरच्यांना हाका मारून बोलावलं. सगळे आले, त्यांनी पाहिलं, आणि हॉलमधला खराच बल्ब महिनाभर गेलेला आहे याची आठवण करून दिली.

मान वळवली की कॉकपिटमधलं दृश्यही वळावं म्हणून ओपनट्रॅक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, साध्या वेबकॅमवर चालतं. फक्त स्वयंपाकघरातून हाक आली तर मान वळवू नका. हुंकार द्या. एकदा मी वळून ‘काय?’ म्हटलं आणि परत पाहिलं तेव्हा समोर मागच्या सीटचं कव्हर होतं आणि धावपट्टी कुठेच नव्हती.

जुळवणी

सगळं आवळलं, बांधलं, ठोकलं. आता कॉम्प्युटर सुरू करा, पुण्याच्या लोहगाव विमानतळाच्या १० नंबरच्या धावपट्टीवर सेसना उभी करा आणि थ्रॉटल पुढे न्या. इंजिन गर्जेल, सगळं थरथरेल आणि विमान जागचं हलणार नाही. घाबरू नका. पेडलांच्या वरच्या भागात बोटांनी दाबायचे ब्रेक असतात, आणि काही पेडलांची दिशा सिम्युलेटरला उलटी दिसते. पाय काढून ठेवला की त्याला वाटतं ब्रेक पुरते दाबलेत. सेटिंगमध्ये जाऊन तो अक्ष उलटा करा. सहा महिने खुर्ची हलू नये म्हणून झटलेल्या माणसाचं विमानही हलू नये, हे तसं सुसंगतच होतं, पण ऐकून कोणी हसलं नाही.

इंजिन आपोआप कमी-जास्त होत असेल तर जॉयस्टिकवरची छोटी पट्टी आणि नवा थ्रॉटल असे दोघे एकाच इंजिनवर हक्क सांगत असतात. एकाचं नाव उताऱ्यावरून काढा. विमान फारच चंचल वाटत असेल तर मधल्या भागाची संवेदनशीलता कमी करा. खऱ्या योकवर वाऱ्याचा दाब जाणवतो. तुमच्या योकवर फक्त स्प्रिंग आहे, आणि स्प्रिंगला कशाचंच गांभीर्य नसतं.

चाचणी

कॉकपिट तयार झालं की ते आपण तपासायचं नसतं, दुसऱ्याला बसवायचं असतं. माझे मामा स्वारगेट डेपोतून निवृत्त झाले, बत्तीस वर्षं एसटी चालवली, खंबाटकीचा घाट त्यांना वळणावळणानं पाठ. ते बसले आणि कशालाही हात लावायच्या आधी म्हणाले, ‘सीट वर-खाली होत नाही होय रे? माणूस आधी सीट लावतो, मग गाडीला हात.’ मला ओशाळल्यासारखं झालं. एअरबसच्या दोन काचांमधल्या खांबावर तीन छोटे गोळे असतात, दोन लाल, एक पांढरा. लाल गोळ्याच्या आड पांढरा लपेपर्यंत पायलट सीट सरकवतो, म्हणजे डोळा नेमक्या उंचीवर येतो. हे मी वाचलं होतं आणि विसरलो होतो. मामांच्या खाली दोन उशा दिल्या.

‘आरसा कुठाय?’

‘विमानाला आरसा नसतो, मामा.’

‘मग मागून कोण येतंय ते कसं कळायचं?’

याचं उत्तर मी अजून शोधतोय. मामांनी ब्रेक सोडला आणि सवयीनं योक उजवीकडे फिरवला. विमान सरळ गवतात. जमिनीवर सेसना हातांनी वळत नाही, पायांनी वळते, आणि एक पेडल दाबलं की दुसरं आपोआप मागे येतं, हे सांगितल्यावर त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवून दिले. क्लच नाही याचं वाईट वाटलं, पण बोलले नाहीत. पुढचा दीड तास ते लोहगावला नुसते फिरत होते. या टोकाहून त्या टोकाला, वळणावर वेग कमी, सरळ रस्त्यावर जरा जास्त. वर उडण्यात त्यांना काडीचाही रस नव्हता. शेवटी विमान आणून पिवळ्या रेघेवर पुढचं चाक बरोबर मधोमध उभं केलं, पार्किंग ब्रेक ओढला, इंजिन बंद केलं आणि पट्टा सोडवत विचारलं, ‘आता पुढची फेरी किती वाजता?’